ठगांच्या वाटेनं वऱ्हाडात

१८३९ साली लंडनमध्ये एक बेस्टसेलर आला. त्याचा हीरो म्हणजे ठगांनी वाढवलेला पोरगा, आणि त्याची वाट जाते थेट अमरावतीवरून. ते पुस्तक सॅकमध्ये टाकून केलेली तीन दिवसांची भटकंती.

गँगस्टरच्या हाताखाली मोठा होणारा पोरगा ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. एक चाळ, एक भाई, एक अनाथ मुलगा. आधी चहा आणून देणं, मग निरोप पोचवणं, मग पहिला 'गेम'. हिंदी सिनेमानं ही गोष्ट इतक्या वेळा सांगितलीय, की पुढचा डायलॉग आपणच म्हणू शकतो.

पण मुंबईत भाई लोक जन्माला यायच्या कितीतरी आधी ही गोष्ट लिहून झाली होती. पुस्तकाचं नाव 'कन्फेशन्स ऑफ अ ठग', लेखक फिलिप मेडोज टेलर. २०१८ मध्ये 'ठग्ज ऑफ हिंदोस्तान' आला तेव्हा या पुस्तकाचं नाव पुन्हा कानावर पडलं. सिनेमा विसरून जा, पुस्तक मात्र भारी आहे. त्यातला अमीर अली पाच-सहा वर्षांचा असताना आई-बापाबरोबर इंदूरला निघतो. वाटेत 'सोबत करू' म्हणून भेटलेली गोड बोलणारी माणसं असतात ठग. ती आई-बापाला मारतात आणि टोळीचा म्होरक्या इस्माईल या पोराला स्वतःचा मुलगा म्हणून घरी नेतो. अठराव्या वर्षी, दसऱ्याच्या मुहूर्तावर पोराची दीक्षा होते, हातात रुमाल येतो आणि टोळी दख्खनच्या मोहिमेवर निघते. नागपूर, मग 'ऊमरावती', मग मंगरूळ, मग उमरखेड आणि पुढे हैदराबाद.

ऊमरावती म्हणजे आपली अमरावती हो! आपण ज्यांना 'विदर्भातली लांबची गावं' म्हणून सोडून देतो, ती पावणेदोनशेहून जास्त वर्षांपूर्वी लंडनच्या दिवाणखान्यात वाचली जात होती. व्हिक्टोरिया राणीनं म्हणे छपाईची पानं येतील तशी मागवून वाचली. मग आपण निदान एक लाँग वीकेण्ड तरी द्यायला हवा की नको?

अमरावती : पाच दरवाजे, चार खिडक्या

मुंबईहून रात्री गाडीत बसलं की सकाळी बडनेरा, तिथून अमरावती जवळच. पहिलं काम नाश्ता, आणि नाश्ता म्हणजे गिला वडा. दह्याताकात मुरलेला, वर लाल तिखट. 'दहीवडाच ना?' असं इथे कुणाला विचारू नका, लोक मनाला लावून घेतात.

मग परकोट. जुन्या अमरावतीभोवती निजाम सरकारनं १८०७ मध्ये दगडी तट बांधायला घेतला. उंची वीस ते सव्वीस फूट, घेर साधारण साडेतीन किलोमीटर. अंबा, भुसारी, नागपुरी, खोलापुरी, महाजनपुरी असे पाच दरवाजे आणि शिवाय चार खिडक्या, म्हणजे माणसं जाण्यापुरती छोटी दारं. काही दरवाजे आजही भर ट्रॅफिकमध्ये उभे आहेत. वरती कमान, कमानीखाली रिक्षा, कमानीच्या अंगावर क्लासेसचे बोर्ड.

एका राजाला वाचवायला हा तट नव्हता. अमरावतीत राजा नव्हताच. इथे होते कापसाचे व्यापारी, आणि त्यांचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जायचा. पेंढारी आले तर हा पैसा वाचावा म्हणून हा तट. थोडक्यात, आपण सोसायटीला गेट आणि वॉचमन ठेवतो तसं या गावानं गुंडांच्या भीतीनं अख्खं गाव बंद करून घेतलं होतं. एका खिडकीचं नावच खूनारी खिडकी. तिच्याजवळ झालेल्या मारामारीत सातशे माणसं मेली, असं गॅझेटियर सांगतं.

मी रिक्षावाल्याला म्हटलं, खूनारी खिडकी बघायचीय. त्यानं आरशातून एकदा पाहून घेतलं. 'काऊन बाप्पा? थे पाहाले त कोनी येत नाई. अंबादेवीले नेतो ना, भाऊ.' वऱ्हाडीतली ही आर्जवी 'ना' ऐकली की नाही म्हणवत नाही. आधी देवी झाली, मग खिडकी.

तटाकडे बघताना एक गोष्ट लक्षात येते. भिंत पेंढाऱ्यांना थांबवू शकत होती, कारण पेंढारी घोड्यावरून, आरडाओरडा करत यायचे. ठगांना भिंतीची अडचणच नव्हती. ते दरवाजातून, नमस्कार-सलाम करत, व्यापारी नाहीतर शिपाई बनून यायचे. उलट, वाटेवरच्या चोरांपासून सांभाळू म्हणून तेच सोबतीला यायचे.

तंबाखूचं निमित्त

पुस्तक वाचताना आपल्यासारख्या ऑफिसवाल्यांना एक वेगळाच धक्का बसतो. ही टोळी अगदी कंपनीसारखी चालते! सावज हेरणारे वेगळे. गोड बोलून सावजाचा विश्वास मिळवणारा वेगळा, त्याला म्हणायचं सोठा. आजच्या भाषेत फुल टू सेल्स. आधीच जाऊन खड्डे खणून ठेवणारे लुघे, हात धरणारे शमसिये, आणि सगळ्यात वर रुमाल टाकणारा भुत्तोट. त्या पदावर एकदम कुणी जात नाही. बरीच वर्षं खालची कामं करायची, गुरूकडे शिकायचं, मग प्रमोशन. इशारासुद्धा किती साधा! म्होरक्या तंबाखू मागायचा, बस.

हंगामही ठरलेला. पाऊस संपला, दसरा झाला की निघायचं. आपण सोनं वाटतो, सीमोल्लंघन करतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत बोंडं फुटायला लागतात, व्यापाऱ्यांचे पैसे आणि हुंड्या रस्त्यावर येतात. अमीर अलीच्या टोळीला वऱ्हाडची वाट का आवडावी, हे कॉटन मार्केटच्या बाहेर उभं राहिलं की वेगळं समजून घ्यावं लागत नाही.

पण या पुस्तकातली खरी भीती खुनांत नाहीये. अमीर अली सातशे एकोणीस खुनांचा हिशेब देतो, तरी वाचताना अंगावर येतो तो इस्माईल. कारण तो चांगला बाप आहे. मुलाला शिकवतो, जपतो, त्याचं कौतुक करतो. धंद्याचं गुपितसुद्धा तो पोराला सावकाश, समजावून सांगतो. पोराला पैसा नको असतो, रक्तही नको असतं. त्याला हवं असतं बापाचं 'शाब्बास'. पहिला फास टाकताना त्याच्या मनात तेवढंच असतं. गुन्हेगारी इथे पोराला मारहाण करून शिकवलेली नाही, प्रेमानं भरवलेली आहे. शेवटी त्याला स्वतःच्या जन्माची गोष्ट कळते, तेव्हा वाटेत मारलेल्या माणसांमध्ये त्याची सख्खी बहीणही होती हे त्याच्यासमोर येतं. इथपर्यंत पोचलात की पुस्तक थोडा वेळ बाजूला ठेवावंच लागतं.

अकोला : शंभर किलोमीटर, एक रेकॉर्ड

अमरावती ते अकोला अंतर शंभर किलोमीटरच्या आतच. माझा ऑफिसमधला मित्र मूळचा अकोल्याचा. गाडी त्याची, पेट्रोल माझं, असं ठरलं. हा रस्ता म्हणजे साधासुधा रस्ता नाही. जून २०२२ मध्ये या दोन शहरांच्या दरम्यान ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज रेकॉर्ड झालं. ज्या प्रदेशात एकटं निघायची कुणाची छाती नव्हती, तिथे आता आपण एसी लावून, गाणी ऐकत, मूर्तिजापूर कधी गेलं ते न कळता पुढे सरकतो. त्याआधी हे काम रेल्वेनं केलं. मुंबईहून निघालेली लाइन १८६७ मध्ये नागपूरला पोचली, आणि महिना-महिना सोबत शोधत, तळ टाकत करायचा प्रवास संपला. सोबतच नको, तर सोबतीचा बहाणा करणाऱ्या ठगाला काम काय?

अकोल्यात मोर्णा नदीच्या काठी असदगडचे बुरूज आहेत. संध्याकाळी तिथे उभं राहून मित्रानं उत्तरेकडे हात केला. तिकडे अडगाव. २९ नोव्हेंबर १८०३ ला तिथे वेलस्लीनं भोसल्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, आणि सोळा दिवसांत, १५ डिसेंबरला, मेळघाटातला गाविलगडही पडला. हाच वेलस्ली पुढे वॉटर्लूवाला ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. आपल्या पुस्तकासाठी महत्त्वाचं ते पुढचं. युद्ध संपलं की फौजा मोडतात. हजारो शिपाई, हातात हत्यार, पगार बंद. नोटीस पिरियड नाही की सेटलमेंट नाही. त्यातले बरेचसे पेंढारी झाले, काही लूटमारीच्या इतर टोळ्यांत शिरले. किम वॅगनर या इतिहासकाराचं ठगांवरचं पुस्तक २००७ मध्ये आलं. ठगी म्हणजे देवीच्या नावानं चालणारा गूढ पंथ, हे चित्र तो मोडून काढतो आणि बोट ठेवतो ते अशा बेकार शिपायांवर, टोळ्या पोसणाऱ्या जमीनदारांवर आणि अस्थिर मुलखावर.

मग गूढ पंथाची गोष्ट आली कुठून? कंपनी सरकारनं १८३० च्या दशकात विल्यम स्लीमनच्या हाताखाली ठगांविरुद्ध मोहीम उघडली. पुरावे मिळेनात, म्हणून माफीचे साक्षीदार तयार केले. जीव वाचवायचा तर सांगत राहायचं, आणि साहेबाला जे ऐकायचंय त्यापेक्षा कमी सांगून चालायचं नाही. १८३६ मध्ये कायदाच असा आला की ठगांच्या टोळीतला आहे एवढं सिद्ध झालं तरी जन्मठेप, मग त्यानं स्वतः काय केलं ते दाखवायची गरज नाही. टेलरनं अमीर अलीला बोलतं केलं ते याच साच्यात, तुरुंगातून साहेबाला दिलेली कबुली म्हणून.

टेलर काही लंडनमध्ये बसून लिहिणारा नव्हता. लिव्हरपूलचा हा मुलगा मुंबईत उतरला १८२४ मध्ये, सोळासुद्धा पूर्ण नव्हती. व्यापाऱ्याकडची नोकरी फसली आणि तो निजामाच्या चाकरीत शिरला. परक्या मुलखात, परक्या माणसांत मोठा झालेला पोरगा तोही होताच. नळदुर्ग-तुळजापूर भागात त्यानं बरीच वर्षं काढली. १८५७ च्या धामधुमीत त्याची रवानगी झाली याच वऱ्हाडात, बुलढाण्याला. सैन्य मागू नकोस, निभावून ने, असं सांगून. म्हणजे पुस्तकात अठरा वर्षांपूर्वी ज्या मुलखातून त्यानं ठगांना चालवलं, तिथलाच तो अधिकारी होऊन आला.

रात्री मित्राच्या घरी जेवण. रोडगे, वरण, वांग्याची भाजी. 'सांबार टाकू का जास्त?' असं त्याच्या आईनं विचारलं, तेव्हा मी इडलीची वाट बघायला लागलो नाही, कारण मित्रानं गाडीतच शिकवलं होतं की इथे सांबार म्हणजे कोथिंबीर. मावशींना मी कुठून कुठे फिरतोय ते सांगितलं. ठगांचं ऐकून त्या हसल्या. 'आता कोन राह्यलं बापा ठग? आता त फोनवरच ठगवतेत.' ओटीपी सांगून बसलेल्या आपल्या कलिग्जची आठवण झाली. सोठा अजून नोकरीवर आहे तर!

मंगरूळ नंबर एक

दुसऱ्या दिवशी दक्षिणेला, बार्शीटाकळीवरून मंगरूळपीर. आज हे वाशीम जिल्ह्यात, पण १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यातच होतं. अमीर अलीची टोळी इथे येते, आणि इथल्या हयात कलंदर पीराच्या दर्ग्याचा उल्लेखही पुस्तकात आहे. गावाच्या नावातला 'पीर' हाच.

दर्ग्यात हिंदू-मुसलमान दोघांचीही ये-जा. अगरबत्तीचा वास, कोपऱ्यात कुणी डोळे मिटून बसलेलं, बाहेर रेवड्या आणि फुलांची दुकानं. टेलरच्या ठगांची टोळीही अशीच मिसळीची. इस्माईल मुसलमान, बरोबरचे कितीतरी हिंदू, धंद्याची देवी सगळ्यांची एकच. पुस्तकातली पोरं अशा ठिकाणी मनापासून हात जोडतात आणि संध्याकाळी बरोबरच्या वाटसरूचा गळा आवळतात. त्यांना त्यात विसंगती वाटत नाही, कारण लहानपणापासून आजूबाजूच्या कुणालाच ती वाटलेली नाही.

मंगरूळ नंबर दोन

अमीर अली इथून उमरखेडकडे जातो. मी मात्र वाट सोडली. मंगरूळपीरहून कारंजामार्गे उत्तर-पूर्वेला, नांदगाव खंडेश्वर तालुक्यात आणखी एक मंगरूळ आहे, मंगरूळ चव्हाळा. पुस्तकात ते नाही, पण पुस्तकाची गोष्ट जिथे पोचली ते ठिकाण हेच, असं मला वाटतं.

ठगांची मोहीम संपली, पण एक कल्पना मागे राहिली : गुन्हा रक्तात असतो, बापाकडून मुलाकडे जातो. जबलपूरला माफीच्या साक्षीदारांना आणि त्यांच्या मुलांनाही एका कारखानावजा शाळेत ठेवून तंबू आणि गालिचे विणायला लावलं होतं. त्या मुलांचा गुन्हा काय? ठगाच्या पोटी जन्म. हाच विचार १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा होऊन आला. आधी उत्तरेत, पुढे इतर प्रांतांत. अख्ख्या जमातीच जन्मानं गुन्हेगार ठरल्या. त्यांत आपले पारधीही होते.

फासेपारध्यांचा ठगांशी काडीचा संबंध नाही. दक्षिणेत ठगांना फासीगार म्हणत, माणसाच्या गळ्यात फास टाकणारे म्हणून. फासेपारध्यांचा फास तितर आणि लाव्यांसाठी. शब्द एक, पण शिक्का दोघांनाही सारखाच बसला. कायदा रद्द झाला, ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती विमुक्त झाल्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारही बंद झाली. शिक्का मात्र कुठल्याच कायद्यानं पुसला नाही. गावात चोरी झाली की पहिली गाडी आजही तांड्याकडेच वळते, आणि पोरं भीक मागायला शहराकडे.

मंगरूळ चव्हाळ्याला मतीन भोसले यांनी २०१२ मध्ये या मुलांसाठी आश्रमशाळा काढली. स्वतः फासेपारधी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, ती नोकरी सोडली. रेल्वे स्टेशनांवर, सिग्नलवर भीक मागणारी मुलं गोळा करून आणली. संख्या चारशेच्या वर गेली. शाळेचं नाव 'प्रश्नचिन्ह'. यापेक्षा नेमकं नाव मी तरी शाळेला दिलेलं ऐकलेलं नाही. आणि मग २०१९ मध्ये इथून समृद्धी महामार्ग आला. शाळेची काही जागा त्यात गेली, काही बांधकामं पाडली, त्यात वाचनालयही होतं.

त्या भागात शिरताना रस्ता विचारायला टपरीवर थांबलो. पत्ता ऐकून टपरीवाला आधी सरळ सांगत होता, मग मध्येच हळू आवाजात म्हणाला, 'सामान झाकून ठेवजा, भाऊ. पारध्यायचा इलाका हाय.' माणूस वाईट नव्हता. चहाचे पैसेसुद्धा घेईना. माझा मित्र शिकलेला, पुण्यात आयटीत, त्यानं काहीएक न बोलता मागच्या सीटवरचा लॅपटॉप उचलला आणि पायाशी ठेवला. पुढची दहा मिनिटं गाडीत कुणी बोललं नाही. मग त्यानंच तो परत उचलून सीटवर ठेवला.

शाळेच्या आत मी गेलो नाही. सुट्टीचा दिवस, आणि पोरं ही काही पर्यटकांनी बघायची वस्तू नाही. लांबून महामार्ग दिसत होता. सहा पदरी, सरळ, कुणालाही न थांबता जाता येईल असा. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता २०२५ मध्ये शेवटपर्यंत खुला झाला. त्यावरून जाणाऱ्या गाडीला खाली शाळा आहे हे कळायचं काही कारण नाही.

अमीर अलीला त्या दिवशी वाटेवर इस्माईल भेटला, म्हणून तो ठग झाला. दुसरं कुणी भेटलं असतं तर इंदूरचा व्यापारी नाहीतर शिपाई झाला असता. टेलरच्या वाचकांना मात्र त्यातून दिसला तो 'जन्मजात' ठग, आणि त्या चुकीच्या वाचनाचं बिल अजून या भागातली पोरं भरताहेत. पोराला आधी कोण भेटतं, एवढाच तर सगळा प्रश्न आहे. मंगरूळ चव्हाळ्यात निदान त्या प्रश्नाला एक पत्ता आहे.

जायचं असेल तर...

कसं जाल : मुंबईहून रात्रीच्या गाड्या अकोला आणि बडनेऱ्याला थांबतात. थेट अमरावतीची अंबा एक्स्प्रेसही आहे. पुढे गाडी किंवा एसटी.

किती दिवस : अमरावती एक, अकोला एक, मंगरूळपीर-कारंजा एक. तीन दिवस पुरे.

कधी : दसऱ्यानंतर. ठगांनाही हाच सीझन पसंत होता. एप्रिल-मे चुकूनही नको, अकोल्याचा उन्हाळा चेष्टेचा विषय नाही.

काय खाल : गिला वडा, पाटवडी रस्सा, रोडगे-वरण. तिखट कमी हवं असेल तर आधीच सांगा.

काय वाचाल : अर्थातच 'कन्फेशन्स ऑफ अ ठग'. कॉपीराइट कधीच संपलाय, नेटवर फुकट मिळतं. नागपूर सोडल्यानंतरचा भाग गाडीत वाचायला ठेवा. आणि डब्यात कुणी अनोळखी माणूस आपुलकीनं बोलायला आला, तर दचकू नका. वऱ्हाडात लोक असेच बोलतात.